शिक्का नसलेली अंडी

१ जानेवारी
आजपासून सुपरमार्केट बंद. म्हणजे ते उघडंच आहे, मी जाणं बंद. आयुष्यभर विमा कंपनीत बसून लोकांचे खोटे दावे पकडले आणि स्वतः मात्र बड्या कंपन्यांच्या मुठीत राहिलो. आता पुरे. मागे बाग आहे, पावसाच्या पाण्याची टाकी आहे, चार कोंबड्या आहेत. टास्मानियाच्या मातीत काय पिकत नाही?

बायकोशी, नोरीनशी करार केला. एप्रिलमधल्या गावच्या ऑटम शोपर्यंत, म्हणजे शेतमालाच्या प्रदर्शनापर्यंत, सुपरमार्केटची एकही वस्तू घरात आली नाही, तर आपण इथेच टॅनर्स क्रीकला राहायचं. आली, तर घर विकून होबार्टला जायचं. तिथे तिच्या बहिणीने, व्हेरिटीने, स्वतःच्या शेजारचाच समुद्राकडचा फ्लॅट तिच्यासाठी धरून ठेवलाय. नोरीनचा त्या फ्लॅटवर फार जीव. बिचारीला हरताना बघून मलाच वाईट वाटेल.

४ जानेवारी
स्वावलंबनावरचं जाडजूड पुस्तक आलं. मागवलं एका अजस्र कंपनीच्या वेबसाइटवरून, पण काट्यानेच काटा काढायचा असतो. सोबत धान्य दळायचं यंत्रही मागवलं, त्यावर सवलत होती. धान्य नंतर बघू.

९ जानेवारी
करारात किरकोळ दुरुस्ती. चहा, काडेपेटी, टॉयलेट पेपर आणि नोरीनच्या गोळ्या वगळल्या. बाकी अडलंनडलं पेट्रोल पंपावरच्या दुकानातून आणायचं. पंप कुणाच्या मालकीचा, ते विचारलेलं नाही. बियरचा प्रश्नच नाही. ती पबमध्ये मालक ट्रेव्हर स्वतःच्या हाताने देतो, म्हणजे घरगुतीच.

कोंबड्या खूश. त्यातली डचेस पहाटे चक्क आरवते. मोकळ्या वातावरणात आत्मविश्वास वाढतो.

२७ जानेवारी
पॉसमांनी, इथल्या झाडांवरच्या त्या केसाळ चोरांनी, एका रात्रीत टोमॅटो साफ केले. पुस्तकात पॉसमवर प्रकरण नाही. लेखक इंग्लंडचा आहे.

मेंढीच्या चरबीचा साबण घरी केला. अंगाला मेंढीचा वास येतो. नोरीन आठवडाभर पाहुण्यांच्या खोलीत झोपणार म्हणते. तिथे हवा चांगली येते म्हणे.

८ फेब्रुवारी
झुकिनीचं पीक अफाट. सकाळी झुकिनी, दुपारी झुकिनी, रात्री तीच किसून. शेजारच्या ग्वेंडाच्या दारात टोपलीभर ठेवल्या, तर तिने स्वतःच्या दोन टोपल्या आमच्या दारात आणून ठेवल्या. या गावात घराला कुणी कुलूप लावत नाही, पण या दिवसांत गाडीला लावतात. उघडी दिसली की कुणीतरी आत झुकिनी टाकून जातं. आज चर्चसमोर एक पांढरी गाडी, अगदी आमच्यासारखीच, उघडी सापडली. अर्धं पोतं मागच्या सीटवर सरकवलं आणि सटकलो.

संध्याकाळी नोरीन चर्चमधून तणतणत आली. म्हणाली, कुण्या मेल्याने आपल्या गाडीत अर्धं पोतं झुकिनी टाकल्या बाई. मी म्हणालो, लोकांना लाज राहिली नाही.

२ मार्च
अंडी बंद. कोंबड्यांची पिसं झडताहेत. ग्वेंडा कुंपणावरून म्हणाली, अरे क्लाइव्ह, फेब्रुवारीत उन्हाळा सरला की पिसं झडतात आणि अंडी थांबतात, हे शेंबडं पोरही सांगेल. आता वाट बघ.

रिकामं भांडं घेऊन घरात आलो. जेवलो नाही. नोरीन बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मनातल्या मनात फ्लॅटचे पडदे निवडत असणार.

५ मार्च
चार अंडी! चौघींनी एकेक दिलं. डचेसनेसुद्धा.

१२ मार्च
रोज अंडी. सगळी एकाच आकाराची, एकाच तपकिरी रंगाची. याला म्हणतात शिस्त. ग्वेंडाच्या कोंबड्या अजून ओक्याबोक्या बसल्यात. तिला समजावलं की कोंबडीवर विश्वास टाकावा लागतो. दुकानातल्या अंड्यावर कैद्याच्या नंबरासारखा शिक्का असतो, स्वतंत्र कोंबडीचं अंडं कोरं असतं. ग्वेंडाला जोरात खोकला आला. ती आत गेली.

नोरीनच्या हातांना विनेगरचा वास येतो. लोणची घालत असेल. लोणचं अजून पानात आलेलं नाही. शिवाय तिने गाण्याचा क्लास लावलाय, येताना जपून धरलेली पिशवी असते. गाण्याची वह्या-पुस्तकं असणार. इतकी वर्षं दावे तपासले, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

२६ मार्च
नोरीन व्हेरिटीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. नंतर डोळे लाल. हार दिसायला लागली की माणसाचं असं होतं. मी मनाचा मोठेपणा दाखवून तिला अंडं उकडून दिलं.

९ एप्रिल
ऑटम शोला नाव दिलं. विभाग: घरच्या कोंबड्यांची सहा अंडी. नोरीनच्या हातून कप निसटला. म्हणाली, अंडी कशाला, जॅम पाठव ना. मी म्हणालो, जॅम कुणीही करतं. मग म्हणाली, निदान मला धुऊन तरी देऊ दे. साफ नकार दिला. आदल्या दिवशीची दोन मी लपवून ठेवणार, बाकी चार शोच्या दिवशी ती उठायच्या आत खुराड्यातून थेट पेटीत.

१६ एप्रिल, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही.

परीक्षक पेरिंगटनबाई. अंडं चिमटीत धरून उजेडाकडे फिरवतात. पाच अंडी झाली, प्रत्येकाला मान डोलावली. सहाव्याला थांबल्या. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग मला जवळ बोलावून विचारलं, क्लाइव्ह, तुझी कोंबडी अंड्यावर शिक्का मारून देते का रे?

बुडाशी लाल अक्षरं होती. निम्मी पुसलेली, निम्मी शाबूत.

तेवढ्यात नोरीन पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, त्याला यातलं काही माहीत नाही. मी आणते, विनेगरने शिक्का पुसते, मीच रात्री खुराड्यात ठेवते. काल अंधारात एक नीट पुसलं गेलं नाही. त्याला बोलू नका.

ग्वेंडा मागे पुटपुटली, हात दाखवून अवलक्षण.

१७ एप्रिल
नोरीनला म्हणालो, तू तर मार्चमध्येच जिंकली होतीस. अंडी थांबली तेव्हा नुसतं गप्प बसायचं होतंस, मी आठवड्यात हात टेकले असते. का नाही बसलीस?

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, तू ते रिकामं भांडं घेऊन दारात उभा होतास ना, मला बघवलं नाही रे. एकदाच ठेवू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू शीळ घालत आत आलास. मग थांबवू कशी?

डचेस कोंबडा आहे, हेही तिने सांगून टाकलं. गावात सगळ्यांना माहीत होतं.

मला मनापासून लाज वाटली. म्हणालो, बस झालं, घर विकू. लगेच व्हेरिटीला फोन लावला. व्हेरिटी म्हणाली, अरे, नोरीनने मार्चमध्येच नको म्हणून कळवलं. तो फ्लॅट दुसऱ्यांनी घेतला. राहायलाही आले ते.

नोरीन अजून बटाट्यांशीच होती. बटाटे संपले होते, सालं पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

२० एप्रिल
म्हणजे आपण टॅनर्स क्रीकलाच राहणार. कराराचे शब्द सोडून नुसता निकाल बघितला, तर जिंकलो मीच. हे नोरीनला बोललो नाही.

सुपरमार्केटला गेलो. दारात घुटमळलो, पण ते आपोआप उघडलं. एक डझन अंडी घेतली. काउंटरवरच्या बाईंनी अंडी पाहिली, मला पाहिलं आणि काही न विचारता खालून विनेगरची बाटली काढून शेजारी ठेवली. म्हणाल्या, नोरीन दोन्ही बरोबरच नेते.

मी म्हणालो, विनेगर नको. आता शिक्का असला तरी चालेल.