डोंगरामागचा आवाज

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेच्या जुन्या खिचडीच्या खोलीला नवीन कुलूप! मी मुख्याध्यापिका, आणि खोलीची किल्ली माझ्याकडे नाही!

शनिवारी मी नाशिकला घरी गेले आणि माझ्या पाठीमागे दोन भूकंपवाले येऊन मशीन बसवून मोकळे झाले. सरपंच सहादूभाऊंनी परवानगी दिली. ‘सरकारी कागद होता बाई, नाय कसं म्हणू?’ मशीन केवढं, तर तुपाच्या डब्याएवढं. पण त्यासाठी फरशी उकरून खालच्या कातळापर्यंत गेलेत. बाहेर पत्र्यावर सोलरची पाटी. ऑगस्टमध्ये आमच्या सावरचोंढला हादरे बसले, मांडणीवरची भांडी पडली, लोक पोरं उचलून बाहेर पळाले, तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता हादरे थांबले, नुसते आवाज उरले, आणि हे उगवले.

मोठे साहेब बिराजदार. चाळिशीचे, लातूरकडचे, बोलणं कमी. बरोबर दिशा म्हणून मुलगी — सारखी हसून बोलते. हसून बोलणाऱ्यांचीच मला जास्त धास्ती.

‘मॅडम, खोलीत कुणी नुसतं चाललं तरी मशीन ते टिपतंय, म्हणून कुलूप.’

म्हटलं, असेल. शाळा माझी आहे. एक किल्ली घेतली. वर अट घातली — उद्या कुठे जाणार, काय करणार, ते आदल्या दिवशी मला सांगायचं. बिराजदारांनी दिशाकडे पाहिलं. मग हो म्हणाले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

‘उद्या डोंगराकडचे दगड बघायला जाऊ.’ दगड! इथे दगडाशिवाय आहे काय!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी पुन्हा तो आवाज. डोंगराच्या बाजूने, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा — धडाम! खिडक्या थरथरल्या. मुलं आता घाबरतही नाहीत. ‘बाई, भुईच्या पोटात दुखतंय,’ म्हणतात आणि पाढे म्हणायला लागतात. ऑगस्टमध्ये नुसतं हलायचं. दसऱ्यापासून असा आवाज येतो.

साळूबाई खिचडी ढवळत होती. शाळेत खिचडी तीच करते, आणि आठवडाभर मी तिच्याच घरात भाड्याने राहते. म्हणाली, ‘त्या मशीननी भुईला जागी केली बाई. निजलेल्याला कशाला उठवायचं?’ मी हसले. पण मनात आलं — आल्यापासून आवाज वाढलाय हे तर खरं.

संध्याकाळी ह्यांचा फोन. लग्नाला बावीस वर्षं झाली, शाळेचं कधी चुकून विचारलं नाही. हल्ली दिवाळीपासून रोज विचारतात. नाशिकचं, द्वारका चौकातलं दुकान बंद केलं की आधी मला फोन — जेवलीस का, मुलं कशी आहेत, आज काय झालं. या वयात कुणी इतकं विचारतं! मी सगळं सांगते. बरं वाटतं.

मशीनचं ऐकून हे म्हणाले, ‘भूकंपबिकंप काही नाही गं. धरण, नाहीतर खाण. आधी मशीन येतं, मग खुणा होतात, मग नोटीस येते. नीट लक्ष ठेव त्यांच्यावर. रोज कुठे जातात ते बघ.’

१५ नोव्हेंबर, शनिवार

खुणा!! ओहोळाच्या काठच्या मोठ्या दगडावर पांढऱ्या रंगाने फुली आणि खाली नंबर. ह्यांनी सांगितलं तस्संच!

दिशाला विचारलं. ‘पुन्हा त्याच जागी येऊन मोजता यावं म्हणून मॅडम.’ काय मोजायचंय? — तर ओहोळाचं पाणी, दगडातल्या भेगा. माझ्याकडे बघून गोड हसली.

१६ नोव्हेंबर, रविवार. नाशिक

ह्यांना खुणेचं सांगितलं. जेवता जेवता थांबले. ‘डोंगराकडे गेले होते का?’ म्हटलं, अजून पायथ्यापर्यंतच. मग जेवले.

दुकानात उसंत नाही म्हणाले. कुंभाची कामं निघाल्यापासून जिकडेतिकडे रस्ते उकरलेत, खडीला मागणी, खडकात सुरुंगाची भोकं पाडणारे कॉम्प्रेसरचे ट्रॅक्टरवाले पार्टसाठी रांग लावून. थकलेले दिसतात. पाठीला बाम लावून दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पक्की खात्री झाली की काहीतरी लपवतायत.

मी खोलीशी गेले तर दोघं मराठीत बोलत होते, मला बघून इंग्रजीत सुरू झाले. मला इंग्रजी येत नाही असं वाटतं का त्यांना? ‘नॉट हिअर’ एवढं ऐकलं. दुपारी दिशा साळूबाईपाशी बसून तांदूळ निवडू लागली — आणि विचारते काय, ‘मावशी, डोंगराच्या मागे दुपारचं कोण जातं हो?’ साळूबाई म्हणाली, तिकडं रान हाय, माणूस कशाला जाईल. मग तोच प्रश्न मला! भूकंप मोजणाऱ्याला माणसं कशाला मोजायची आहेत?

उद्या दुसरं मशीन डोंगराच्या खिंडीत नेऊन ठेवणार आहेत. अटीप्रमाणे सांगितलं. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंस.’

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कालपासून भुई गप्प. साळूबाई म्हणते तिने देवीला नारळ फोडला म्हणून.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खिंडीतलं मशीन बॅटरी भरायला खाली आणलंय. सोमवारी काही कुठे नेणार नाहीत. मी विचारायच्या आत दिशानेच सांगितलं. आता धाक बसलेला दिसतो!

२४ नोव्हेंबर, सोमवार

परत धडाम. परिपाठ संपून थोडाच वेळ झाला होता. दोघं खोलीतून बाहेर आले. आधी डोंगराकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग माझ्याकडे!

माझ्याकडे कशाला बघायचं?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

साडी भिजत घालून लिहायला बसले.

फळ्यावर मोठ्या मुलांसाठी भागाकार मांडत होते. आवाज झाला तो नेहमीपेक्षा मोठा, पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली आणि वरून गिलाव्याचा हा एवढा ढलपा सुटला. दुसरीतली सृष्टी — पुढे बसायची हौस तिला. तिच्या कपाळावर. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि डोळ्यांवर रक्त ओघळलं.

बिराजदारांनी तिला उचललं. जीप काढली, मी मागे तिला मांडीवर घेऊन. त्र्यंबकपर्यंत ते आरशातून सारखे तिच्याकडे बघत होते. टाके पडले. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, थोडं खाली लागलं असतं तर. तिची आई मागून टेम्पोने आली. तिने माझ्या साडीवरचं रक्त तेवढं बघितलं.

परत येताना बिराजदारांचे डोळे भरलेले. मला त्यांची दया आली नाही. मनात आलं, ज्याचा हात गुंतलेला असतो तोच एवढा धावतो.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, ‘मुलगी बरी आहे ना? नक्की?’ मग म्हणाले, ‘उज्ज्वला, ते मशीन आधी तिथून काढायला लाव.’

२६ नोव्हेंबर, बुधवार

वर्ग बाहेर अंगणात भरवला. आत पाऊल टाकायची मुलांची तयारी नाही, माझीही नाही. दोघांनी दुसरं मशीन पुन्हा खिंडीत नेऊन ठेवलं. मला विचारून नाही — सांगून. ह्यांच्या कानावर घातलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गावाची बैठक झाली, शाळेच्याच अंगणात. बायकाही आल्या. सृष्टीचा बाप काळू मागे उकिडवा बसला होता, वर बघत नव्हता.

मी उठले आणि सगळं बोलले. कुलूप, खुणा, इंग्रजी, डोंगरामागच्या चौकशा. ‘मशीन नव्हतं तेव्हा मुलाच्या डोक्यात काही पडलं नव्हतं!’ म्हटलं. बायकांनी माना डोलावल्या. सहादूभाऊ म्हणाले, ‘साहेब, आम्ही अडाणी नाय. उचला तुमचं मशीन.’ कुणीतरी मागून ओरडलं, फोडा ते! दिशा रडायला लागली.

बिराजदार एवढंच म्हणाले, ‘सोमवारपर्यंत द्या. मग तुम्ही म्हणाल तसं.’ सहादूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ठीक. सोमवार.

आज फार मोकळं वाटतंय. कुणीतरी बोलायला हवं होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर बिराजदार ऑफिसात आले. दार लोटून घेतलं. दिशा बाहेर उभी.

‘मॅडम, ऑगस्टचे हादरे खरे होते,’ ते म्हणाले. ‘पुन्हाही येतील, नाही असं कोण सांगणार. पण दसऱ्यापासूनचे हे आवाज धरणीचे नाहीत. कुणीतरी डोंगरामागे दगडासाठी चोरून सुरुंग लावतंय.’

मी म्हटलं, कशावरून?

खिशातला पेन काढून टेबलावर ठेवला आणि बोटाने ढकलून दाखवला. ‘धरणी आपसूक हलली की एका बाजूचं ढकललं जातं, दुसऱ्या बाजूचं ओढलं जातं. सुरुंग चहूकडे नुसता ढकलतो. मशीनला ते कळतं. आणि हे आवाज दिवसाउजेडीच येतात. रविवारी एकदाही नाही. जमिनीला रविवार कळतोय का मॅडम?’

मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का होता? गावाला सांगायचं ना!

‘कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. खिंडीत मशीन नेलं की सुरुंग बंद. खाली आणलं की चालू. म्हणजे आमचं कुठे काय आहे ते इथून त्यांच्यापर्यंत पोचतंय.’ खाली बघून म्हणाले, ‘आम्ही आदल्या दिवशी कुणाला सांगत होतो? फक्त तुम्हाला.’

मी उभी राहिले. काय काय बोलले आठवत नाही. वीस वर्षं मुलं शिकवतेय, म्हटलं, तुमच्या जिभेला काही हाड आहे का! मी कुणाला कशाला सांगू! चालते व्हा म्हटलं. गेले. जाताना दार हळूच लावून गेले.

खरंच कुणाला सांगितलं मी? साळूबाईला नाही. ती ऐकते आणि विसरते. सहादूभाऊंना नाही. शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांशी तर मी हवापाण्यापलीकडे बोलतच नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही.

मग बसूनच राहिले. साळूबाईने चहा आणला, तो गार झाला.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सहादूभाऊंना भेटून आले. म्हटलं, मशीन काढायची घाई करू नका, दोन्ही राहू देत, जबाबदारी माझी. चक्रावले. ‘परवा तर बाई तुम्हीच…’ म्हटलं, हो, मीच.

वाटेत सृष्टीकडे डोकावले. पट्टी बांधून ओट्यावर बसली होती. ‘बाई, भुईचं पोट आता दुखत नाय,’ म्हणाली.

तीन दिवस नाही दुखलं. खिंडीत मशीन आहे तोवर.

३० नोव्हेंबर, रविवार. नाशिक

पोहे खाताना ह्यांनी विचारलं, ‘फोन का नाही उचललास? काय झालं मग मशीनचं?’

‘नेलं,’ मी म्हटलं. ‘दोन्ही नेली. खिंडीतलंसुद्धा. काल सामान बांधून गेले.’

खोटं बोलले! नवऱ्याशी खोटं बोलायला जीभ अडखळेल असं वाटलं होतं. अडखळली नाही.

हे हसले. ‘सुटलीस बघ एकदाची.’ आणखी थोडे पोहे घेतले. वर लिंबू पिळलं. मग फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. खाली रस्त्यावर एवढा गोंगाट असतो, म्हणून ओढलं असेल. माणूस फोनवर बोलणारच. दुकान आहे, पार्ट्या आहेत.

हा माणूस बाळंतपणात माझ्या उशाशी रात्रंदिवस बसला होता. मी काय लिहितेय हे! कुणाच्या बोलण्याने कुणावर संशय घेतेय!

दुपारी देवापाशी बसले. उद्या भुई गप्प राहू दे, एवढंच मागितलं. मग बिराजदारांचे पाय धरीन, हवं तर ह्यांचेही धरीन.

१ डिसेंबर, सोमवार

मुलं अंगणात खिचडी खायला बसली होती. धडाम! पाठोपाठ आणखी एक.

बिराजदार आणि दिशा धावत आले. मी दोघांना ऑफिसात बसवलं. चारचौघांत मी ह्यांचं नाव आजवर कधी घेतलं नव्हतं. घेतलं. प्रफुल्ल खंडेराव देवरे. द्वारका, कॉम्प्रेसरच्या पार्टचं दुकान.

दिशाच्या हातातल्या पेनचं टोपण लावलेलंच होतं. म्हटलं, ‘लिहून घे बाळ.’