बर्मा आघाडीचे हरिकेन आणि सदतीस बायकांचे कुंकू

सदाशिव पेठ, पुणे ३०
मंगळवार, १६ एप्रिल १९९६

तीर्थस्वरूप आप्पामामांना यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार (गुडघा सुजला आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात घातला आहे; खरा समक्ष भेटीत).

तुमचे कार्ड पोचले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झकास झाले आणि आता अंगणातून अजिंक्यताऱ्यावरची माणसे मोजता येतात, हे वाचून फार आनंद झाला आणि थोडा घामही फुटला. दमा यंदा बरा आहे ना? आमच्याकडे सर्व क्षेम. विजयमालेची पाठ आणि माझा गुडघा आलटून पालटून दुखतात, त्यामुळे घरात एक माणूस नेहमी उभे असते. येत्या रविवारी विमान बघायला येतो असे तुम्ही लिहिले आहे, त्याविषयीच हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी मी केलेल्या डाकोटा विमानाच्या प्रतिकृतीकडे तुम्ही एकदाच पाहिलेत, 'खेळणं' म्हणालात आणि चहा मागितलात. तो चहा मी विसरलेलो नाही. त्याच आठवड्यात मी हरिकेन हे लढाऊ विमान हाती घेतले, आणि तेही कुठले तरी नव्हे, तुमचेच. तुमच्या त्या फोटोवरून, ज्यात बावीस वर्षांचे तुम्ही हातात पाना घेऊन पंखाखाली उभे आहात आणि मागे पेन्सिलीने 'इंफाळ, माझे विमान' असे लिहिले आहे. (वास्तविक ते इंग्लंडच्या बादशहाचे होते, पण तुम्ही त्याचे फिटर, तेव्हा तुमचाच हक्क मोठा.) तयार सुटे भाग आणून चिकटवणारी माणसे पुण्यात पुष्कळ आहेत, त्यांच्याविषयी माझे मत त्यांना माहीत आहे. मी खिळ्यापासून चाकापर्यंत सगळे घरी घडवले. मूळ विमानाच्या बरोबर एक षष्ठांश, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट आठ इंच, म्हणजे आमच्या दिवाणापेक्षा अर्धा फूट जास्त. कारखान्यात एकतीस वर्षे मी पंपांची ड्रॉइंगे काढली आणि एकाही पंपाने तक्रार केली नाही, तेव्हा मोजमापाची मला भीती नाही. डाव्या पंखावर अठराशे बारा रिव्हेटा आहेत, प्रत्येक इंजेक्शनच्या सुईने गोंदाचा थेंब ठेवून केलेली. उजव्या पंखावर अठराशे नऊ, कारण तीन फोटोत तुमच्या डोक्याआड गेल्या आहेत आणि न दिसलेले मी करत नाही.

नाकाचा पत्रा कसबा पेठेतल्या शकीलभाईंनी ठोकून दिला. एरवी ते नरसाळी आणि पिठाचे डबे करतात. पंख्याची टोपी मी चार वेळा परत नेली. चौथ्यांदा त्यांनी शांतपणे विचारले, साहेब, हे उडणार का? मी नाही म्हटले. मग चुकलं तरी पडणार नाही, असे म्हणून त्यांनी पाचव्यांदा हातोडी उचलली. (पाचवी बरोबर आली.) मागचा अर्धा भाग मूळ विमानात कापडाचाच असल्यामुळे मला तलम कापड हवे होते. कपाटाच्या तळाशी विजयमालेचे एक जुने वायलचे पातळ होते, ते मी घेतले. ते जुने नव्हते, हे मला लाखेचा तिसरा हात दिल्यावर कळले. ती रागावली नाही. नुसते एवढे म्हणाली की मग विमान निम्मे माझे. पुढचे सगळे या एका वाक्यातून निघाले आहे.

कारण गेल्या शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, आणि आपल्या निम्म्या विमानाची आरास करायची असे तिने ठरवले. मी नको म्हणायला तोंड उघडले, समोर पातळाचा उरलेला पदर दिसला, आणि मिटले. गौरीचा झोपाळा इंजिनापुढे, डाव्या पंखावर रुखवतातल्या बाहुल्या, उजव्यावर कलिंगडाची कमळे (रस तोफांच्या झाकणात गेला). बायकांच्या समारंभात पुरुषाचे काम नसते, म्हणून मी एक पाटी लिहून कसब्यात गेलो. 'विमानास हात लावू नये. शंका असल्यास मनात ठेवाव्यात.' संध्याकाळी परतलो. पाटी होती तिथेच होती, आणि कोणी हात लावलाही नव्हता. फक्त बोट लावले होते.

आता तुम्हाला काय सांगायचे, पण पत्र कोण कोण वाचते ते ठाऊक नाही म्हणून लिहितो. बर्मा आघाडीवरच्या आपल्या विमानांवर निळ्या वर्तुळात पांढरे वर्तुळ असे, बस. एरवीचा मधला लाल गोळा काढून टाकला होता, कारण जपान्यांच्या विमानांवर लाल गोळा, आणि लाल दिसले की खालचे आपलेच तोफवाले गोळी घालत. तो लाल तुम्ही स्वतःच्या हातांनी रंग लावून बुजवला होतात. माझ्या तीन वर्षांच्या कष्टांचा कणा म्हणाल तर हाच: या विमानावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही. आणि आमच्याकडच्या सदतीस बायकांनी काय पाहिले? निळे गोल, मध्ये पांढरे, आणि त्याच्या मधोमध काहीच नाही. नवी स्कूटर आणली तरी आधी कुंकू लागते, इथे तर अख्खे विमान, गौरीपुढे मांडलेले. प्रत्येकीने आधी हळद, मग कुंकू, नेमके मध्यभागी. दोन पंखांवरची आणि पुढ्यातल्या बाजूवरचे एक, अशा तिन्ही वर्तुळांत. सदतिसावी घरी गेली तोवर बर्माचे विमान जपानच्या बाजूला गेले होते. शिवाय वैमानिकाच्या जागेत ओटी भरली होती. भिजवलेले हरभरे मी चिमट्याने दोन दिवस काढले. रविवारी वैमानिकाच्या पायाखालच्या दांडीपाशी एकाला मोड आला.

मी कपाळाला हात लावून विजयमालेला विचारले की हे सुरू कोणी केले. सुरुवात तुळजाबाईंनी केली. या खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या हडपसरच्या. शेतात आता इमारती उभ्या आहेत, पण मिरच्या अजून मार्केट यार्डातून पोत्याने आणतात. मी तडक खाली गेलो आणि त्यांना लाल रंगाचा, जपान्यांचा, तोफवाल्यांचा सगळा इतिहास उभ्या उभ्या सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, मला पन्हे दिले, आणि म्हणाल्या, "तुमचं समदं बराबर हाय. पर लढाईवर जानाऱ्याला रिकाम्या कपाळानं धाडत्यात व्हय?"

पन्हे उत्तम होते. मी वर आलो.

तुम्ही मात्र अजिबात काळजी करू नका. रंगाला अजून वार्निश नव्हते, त्यामुळे कुंकू आत मुरले आहे, पण मी पावाचा चुरा, खोडरबर आणि टर्पेंटाइन या क्रमाने प्रगती केली असून ते आता लालाचे गुलाबी झाले आहे. शनिवारी मी हुबेहूब तोच पांढरा कालवून ठेवला. दहा मिनिटांचे काम. तुम्ही याल तेव्हा लाल रंगाचा मागमूससुद्धा दिसणार नाही, नव्या डोळ्याने शोधलात तरी, हे मी खात्रीने लिहून देतो.

लोभ आहेच, तो दम्याच्या पंपासारखा जवळ ठेवावा.

तुमचा भाचा,
यज्ञेश्वर

ता. क. येत्या रविवारी येण्याऐवजी पंधरा दिवसांनी आलात तर उन्हाचा त्रास कमी होईल. (मे महिन्यात ऊन कमी असते असे नव्हे, पण आमच्या जिन्यात सावली असते.) दुसरे काही कारण नाही.

ता. क. २. विजयमालेने पत्र वाचले. ती म्हणते, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जिन्यातली सावली दाखवू नये. तर खरे ते असे: शनिवारी कालवलेला पांढरा वाळून गेला. रविवारी पुन्हा कालवला, तोही वाळला. काल मी ब्रश तीन वेळा धुतला, आणि तिन्ही वेळा तो कोरडाच होता. हात तिथवर जातो आणि थांबतो. हे मला पूर्वी कधी झालेले नाही आणि मला ते मुळीच आवडलेले नाही.

ता. क. ३. तुम्ही रविवारीच या. 'खेळणं' म्हणायचे असेल तर म्हणा, चहा तयार असेल. मला फक्त एक विचारायचे आहे, आणि ते पत्रातच लिहितो, कारण समोर बसून मला जमणार नाही. आईच्या तेराव्याला तुम्ही एकदाच बोलला होतात की तुमचे ते विमान एका सकाळी गेले आणि आले नाही. वैमानिकाचे नाव तुम्ही घेतले नाहीत, मी विचारले नाही. पण त्या सकाळी तो शिडी चढला तेव्हा खाली तुम्ही होतात. त्याला कोणी कुंकू लावले होते का? लावले असेल, तर मी हे पुसतो. नसेल, तर राहू देतो.