न फुटलेलं पिंप

१४ ऑक्टोबर

धाकल्या,

आशीर्वाद. माझं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कामाच्या आड येत नाही. गळका नळ शेवटी मीच दुरुस्त केला. प्लंबरला वायसर उलटा बसवलाय हे कळत नव्हतं. तुझी खाट आहे तिथेच आहे. वाळलेले कपडे टाकायला बरी पडते म्हणून ठेवलीय, दुसरं कारण नाही.

मला आता भांडारात बसवलंय. रंगाचे डबे, दोरखंड. आराम आहे.

तू पाणबुडीवर निघालास तेव्हा मी म्हणालो होतो, "मी पाणबुड्या फोडायची पिंपं बनवतो आणि तू त्यांच्याखाली जाऊन बसणार? अक्कल गहाण टाकलीस का?" तू म्हणालास, "दादा, तुझी पिंपं तुझ्यासारखीच. आधी फुटतात, मग विचार करतात." तेव्हापासून आपलं बोलणं बंद. उत्तर चोख होतं, हे मान्य.

गेल्या महिन्यातल्या सरावाचं पिंप माझ्याच बाकावरचं. स्फोटाची दारू नावापुरती, पाणबुडीतल्यांना हादरा कळावा एवढीच. किती खोल गेल्यावर फुटायचं ते स्प्रिंग ठरवते. जितकी घट्ट, तितकं खोल. हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलं नाही, जुनी पिंपं उघडून शिकलो. साहेब बोलता बोलता पाणबुडीचा नंबर बोलून गेले. तुझी.

तुला काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. अंतर ठरलेलं, दारू मीच तोललेली. तरी पाना हातात घेतला आणि स्प्रिंग पिळतच गेलो, तिथल्या समुद्राच्या तळाहूनही खोल. पिंप तळाशी जाऊन गप्प पडलं.

चौकशीत साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातून चूक?" मी शिकवून तयार केलेली माणसं समोर उभी. खरं सांगितलं असतं तर तुझ्या नावाला चिकटलं असतं. म्हटलं, "हो, चूक." हा शब्द माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता.

बाकावर आता दुसरा बसतो. त्याचा हात बरा आहे. बरा म्हणजे बरा.

भांडारात दिवसभर कुणी फिरकत नाही. खिडकीतून धक्का दिसतो. तुमची माणसं उतरतात तेव्हा मी उठून उभा राहतो, पण एकसारख्या कपड्यांतली सगळी, तुला ओळखता येत नाही.

पुढच्या खेपेला भांडारावरून जा. आत यायलाच हवं असं नाही. मी बाहेर येईन.

वाट पाहणारा,
दादा