चव धरलेली नाही

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

डॉक्टरांनी सक्ती केली म्हणून लिहिते आहे. हौस नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी वजन कमी करण्याचे ऑपरेशन करून घेतले. पोट कापून केळ्याएवढी नळी ठेवली. एकशे सोळा किलोंवरून एक्क्याऐंशीवर आले. आज डॉक्टरांच्या काट्यावर एकशे आठ! म्हणजे ऑपरेशन वाया गेले. हा शब्द माझा. डॉक्टर म्हणाले, "वाया नाही मॅडम, वजन परत आलंय." अर्थ तोच.

गुडघे बदलायचे आहेत, पण त्यांचे डॉक्टर नव्वद किलोंच्या वर हात लावायला तयार नाहीत. म्हणून आता पोटाचे दुसरे ऑपरेशन — आहे ती नळी वरच्या बाजूला तोडायची आणि थेट आतड्याला जोडायची. करायचे की नाही, एवढाच प्रश्न.

हे नवे डॉक्टर सोमवारी बोईसरला येतात. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे. म्हणाले, "चार आठवडे दोन गोष्टी लिहा. तक्त्यात काय खाल्लं ते. वहीत मनात काय येतं ते. मग बोलू."

मनात काय यायचे? छप्पन्न वर्षांची बाई, पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी., आश्रमशाळेची मुख्याध्यापिका, चारशे मुलांना शिस्त लावते — आणि स्वतःच्या तोंडाला लावता येत नाही. हे येते मनात.

५ ऑगस्ट

तक्ता भरला. एक भाकरी, अर्धी वाटी भाजी, ताक. खोटे एक अक्षर नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

शाळेत वजनांचा दिवस. मनोरच्या पुढे, डोंगरात आमची शाळा. मुले तिथेच राहतात. दर महिन्याला प्रत्येकाचे वजन. नर्स आकडा सांगते, मी लिहिते. ज्याचे वाढले त्याला टाळ्या — हा नियम मीच घातला. सहावीतली सपना सातशे ग्रॅमने वाढली. केवढ्या टाळ्या! पोरगी लाजून काट्यावरून उतरेना.

शेवटी पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, आता तुमी चढा ना!"

सगळी रांग हसली. मी नुसते बघितले. गप्प झाली.

माझ्यासाठी टाळ्या थांबल्याच नसत्या.

१७ ऑगस्ट, रविवार

समुद्रकाठच्या दांडीला, माहेरी आईकडे गेले. ऐंशीची आहे, अजून ओट्यावर बसून सुकट निवडते. दुसऱ्या ऑपरेशनचे सांगितले. तिने मान वर केली नाही.

"एकदा कापून झाला ना? आता काय ऱ्हायलाय कापाला?"

"वजन परत वाढलं, आई."

"बंदरावरची सगली तुज्या बापाला म्हनत, काशीची पोर कशी भरलेली हाय बग. बापूस कवडा हसायचा! तुला कोनी सांगला बारीक व्हायाला?"

कोणीच नाही, म्हटले. पालघरच्या बैठकीत माझ्याखाली खुर्चीचा पाय मोडला आणि तीस मुख्याध्यापक कागदात तोंड घालून बसले — तो दिवस आईला कधी सांगितलेला नाही.

तिने बोंबलाचे कालवण वाढले. दीड बोंबील खाल्ला. पाच मिनिटांत घशापर्यंत आले. घरामागे जाऊन टाकले. नळाखाली तोंड धुतले, पदर नीट केला, परत येऊन बसले.

तक्त्यात बोंबील लिहिला. परत आलेला कसा धरायचा, ते तक्त्यात दिलेले नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

लाडकी आमची मुख्य स्वयंपाकीण. दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसून तक्ता भरत होते. ती पळी हातात घेऊन मागे उभी.

"काय लिवता बाई?"

"मी काय खाते ते. डॉक्टरला दाखवायचंय."

"मंग चव धरली का?"

"कसली चव?"

तिने पळीने माझ्या समोरची रिकामी वाटी दाखवली.

मुलांना वाढण्याआधी अर्धा तास मुख्याध्यापकाने अन्नाची चव घ्यायची आणि रजिस्टरात शेरा लिहून सही करायची. नियम आहे. बाकीचे चमचाभर घेतात. मी वाटीभर घेते — तळातून. सहा वर्षांपूर्वीच्या एका स्वयंपाकिणीने वर तेलाचा तवंग आणि खाली नुसते पाणी असे वरण महिनाभर घातले होते, आणि चमच्याने मला कळले नव्हते. तेव्हापासून वाटी. दहा वाजता उसळ, एकला वरणभात, घरी निघण्याआधी खिचडी. वाटी पुसून संपवते. अन्न टाकायचे नाही, हाही नियम.

ते खाणे नव्हे, ते काम! असेच समजत आले. तीन वर्षांत एकदाही मनात आले नाही.

रोज तीन वाट्या. एका मुलीचे एक ताट.

२६ ऑगस्ट

काल एक गोष्ट लिहिली नाही. ती लिहिते.

जूनमध्ये लाडकीला मी कारणे दाखवा नोटीस दिली. उरलेला भात डब्यात घालून घरी नेत होती. मीच फाटकावर डबा उघडायला लावला. सगळ्यांसमोर. "मुलांचं अन्न फाटकाबाहेर जाणार नाही." तिने नोटिशीवर सही केली. घरी तिची सासू आणि तीन लेकरे.

आणि मी रोज तीन वाट्या — सहीशिक्क्यानिशी!

मला नोटीस कोण देणार?

१ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांकडे तक्ता नेला. खाली लाल पेनाने लिहिले होते : चव, रोज तीन वाट्या, धरलेली नाही.

म्हटले, "दोषी सापडला. मीच. लवकरची तारीख द्या. कापा एकदाचं."

त्यांनी शांतपणे वाचले. "मॅडम, ह्याने काही किलो वाढले असतील. सगळे सत्तावीस नाहीत. शरीर गेलेलं वजन परत मागतं. नळी सैल होते, भूक परत येते. बऱ्याच जणांचं होतं. हा तुमचा गुन्हा नाही."

"मग कोणाचा?"

त्यांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला.

"कोणाचा तरी असेलच ना!" माझा आवाज चढला. बाहेर बसलेले पेशंट आत बघायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "शिक्षा म्हणून मी कोणाचं पोट उघडत नाही. आज तारीख नाही. तीन आठवड्यांनी या."

म्हणजे तेही नाही! गुन्हा नाही, शिक्षा नाही, इलाज नाही. नुसते एकशे आठ किलो.

स्टेशनजवळ शेअर रिक्षात चढले. रिक्षावाला म्हणाला, "आंटी, आपको दो सवारी गिनेगा, चलेगा?" जिच्या आवाजाने चारशे मुले गप्प होतात, ती मी मान डोलावली.

३ सप्टेंबर

चव चमच्याने घेतली. वरण पातळ वाटले. खात्री नाही. चमच्याने कळत नाही!

९ सप्टेंबर

आज वाटले — ऑपरेशनच्या टेबलावर घेतले आणि उठलेच नाही, तर बरे.

लिहिले. खोडत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी प्रार्थनेनंतर खाली पडलेला कागद उचलायला वाकले आणि पोटातले आंबट पाणी उसळून घशात शिरले. श्वासच घेता येईना. मुले रांगेत ताठ उभी. कोणी हलले नाही — हलायचे नाही, हीही माझीच शिस्त.

लाडकी स्वयंपाकघरातून धावत आली. मला पायरीवर ताठ बसवले, पाठ चोळत राहिली. श्वास आला. मग मुलांना वर्गात पिटाळून तिने विचारले, "असा रोज व्हतं?"

"आडवी झाले की होतं. वाकले की होतं."

"मंग निजता कशा?"

"खुर्चीत."

"रोज?"

"ऑपरेशन झाल्यापासून."

"तीन वर्सं खुर्चीत! अवो बाई, म्हैस पन आडवी पडते!"

बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला. घाबरली. मी तिच्याकडे बघितले — आणि मला हसू फुटले. छाती दुखेपर्यंत हसले. कधीपासून हसले नव्हते, आठवत नाही. मग ते हसूच राहिले नाही. तिने पदर पुढे केला. नाक पुसले.

२२ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांना सांगितले. आडवे झाले की आंबट पाणी येते, पहिल्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी सुरू झाले, मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून झोपते.

त्यांनी पेन खाली ठेवले. "तीन वर्षं? आणि मला आज सांगताय?"

"तुम्ही वजनाचं विचारलंत."

"दुसरं काही होतंय का, हेही विचारलं होतं."

खरे आहे. विचारले होते. मी 'नाही' म्हटले होते. मला ते दुखणे वाटलेच नाही. खादाडपणाचे भोग वाटले. ज्याचे त्याने भोगायचे, तक्रार करायची नाही — मुलांना हेच तर सांगत आले!

उद्या दुर्बिणीने आतून तपासणार आहेत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तपासणीत अन्ननलिकेला खालच्या बाजूने जखमा दिसल्या. आम्लाच्या. डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "आता ऑपरेशन करा असं मीच सांगतो. पण ह्यासाठी. वजन किती उतरेल, उतरलं तर टिकेल का, ह्याची हमी देणार नाही. पहिल्यापेक्षा धोका जास्त आहे, तेही ऐकून ठेवा. आडवं झोपता येईल, बहुतेक."

बहुतेक!

दिवाळीच्या सुट्टीत सत्तावीस ऑक्टोबर, वापीच्या रुग्णालयात. हो म्हटले.

पोट दुसऱ्यांदा कापून घ्यायचे, ते बारीक होण्यासाठी नाही. एक उशी घेऊन आडवे पडण्यासाठी. आणि तेवढेही नाही जमले, तर? तर मग काहीच उरले नाही. वहीत आणखी काय लिहायचे असते?

२६ सप्टेंबर

ह्यांना सांगितले. तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे बॉयलर सांभाळलेला माणूस, रिमोट हातात घेऊन बसला होता. टीव्हीचा आवाज वाढवला. मी बंद केला.

"मागच्या वेळी दोन तास म्हणाले आणि पाच तास लागले," हे म्हणाले. "कोणी बाहेर येऊन सांगेना. मी परत नाही येणार तिथे बसायला, चंद्रकांता. दुसरा कोणी बघ."

"वजनासाठी नाही करत. मला आडवं झोपता येत नाही. म्हणून तर खुर्चीत असते."

त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"मला वाटायचं, मी घोरतो म्हणून तू बाहेर झोपतेस."

तीन वर्षे! मधे एक भिंत. मी विचारले नाही ते आत कसे झोपतात. त्यांनी विचारले नाही मी बाहेर का बसते.

येतील की नाही, ते बोलले नाहीत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी लागली. मुलांना न्यायला पालक आले होते. गर्दी ओसरल्यावर लाडकीला ऑफिसात बोलावले. ती दारातच उभी राहिली. जूनमध्ये उभी होती तशी. नोटिशीवर मी 'मागे घेतली' असे लिहून, सही करून ठेवले होते. शाळेच्या फायलीतली प्रत काढून टाकली. मूळ कागद तिच्या हातात दिला. "चुकलं माझं," म्हटले. हे दोन शब्द शाळेत पहिल्यांदा बोलले असेन.

"फाडून टाक."

"नाय. ऱ्हाऊ दे माज्याकडं." घडी घालून चोळीत ठेवला. मला बरे वाटेल असे काही बोलली नाही. बरोबर आहे.

जाता जाता दारातून म्हणाली, "चवीचं सांगू? वाटी तळातून भरा, ताटलीत वता, बगा. एक घास घ्या. बाकीचा माज्या डब्यात!"

"नोटीस देईन."

"एक हाय. दोन हुतील."

गेली.

२४ ऑक्टोबर

ह्यांनी अजून हो-नाही सांगितलेले नाही. मी विचारत नाही. नऊ सप्टेंबरला जे लिहिले, ते अजून गेलेले नाही. रोज एकदा येऊन बघून जाते.

२७ ऑक्टोबर, सोमवार. वापी. सकाळी ६.१०

आत नेण्यापूर्वी अंगावरचे काढून द्यायला सांगितले. ह्यांच्याकडे दिले :

मंगळसूत्र. पाटल्या दोन. कुड्या. चष्मा, आत जाताना देईन. मोबाईल. ही वही.

वही वाचा म्हटले. पाने दुमडायची नाहीत, पेनाने काही लिहायचे नाही. मला परत हवी आहे.