आबाची घागर

३ मार्च
ठरलं. या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आबाची घागर भरायचीच. आबा म्हणजे माझा बाप. एकेचाळीसला लढाईवर गेला तेव्हा मी पाळण्यात. दोन पत्रं आली, मग काही नाही. आई म्हणायची, घागर मेलेल्याची भरतात; तो मेला हे कोणी सांगितलं? सवाशीण म्हणूनच गेली. मला भाऊ नाही, मालक घरजावई आले, म्हणून हे घर अजून माझं. लष्कराकडून मरणाची तारीख आणते, मोकळी होते. पंधरा दिवसांचं काम.
ओट्यावर कोणी खाकरतं. चौऱ्याऐंशीचे कान, दुसरं काय.

१९ मार्च
नातसून कामिनीने पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला ऑनलाइन अर्ज केला. विचारते, आजी, आबांचा नंबर? म्हटलं, तेव्हा बापांना नंबर नसत. मग आईच्या पेटीतलं पाकीट दिलं. होता त्यावर.

६ एप्रिल
कागद नाही. भटू सरपंचाला सांगितलं, शहिदांच्या फळ्यावर जागा ठेव. तो म्हणे, आक्का, कागद तर येऊ द्या. म्हटलं, गोळी छातीतच लागली असेल. आमच्यात पाठ कोणी दाखवत नाही.

११ एप्रिल. दुपारी
कडी लावून बसते हल्ली. झळा येतात म्हणून.
आई शेतात जाताना पढवून जायची: परका माणूस आला तर सांग, बाप घरमा जपेल शे. घरात पुरुष झोपलाय म्हटलं की कोणी आत येत नाही. मी पाच-सहा वर्षांची, ठसक्यात सांगायची. एकदा एक दाढीवाला पाणी मागायला आला. ओंजळीत ओतलं तर गळून जाई. डाव्या हाताला दोन बोटंच नाहीत. मी खूप हसले. विचारलं त्याने, तुना बाप कोठे शे? सांगितलं, घरमा जपेल शे. ओंजळ तशीच धरून उभा राहिला. मग गेला. संध्याकाळी आई म्हणाली, शाबास.
आजच का आठवलं कोण जाणे. ऊन.

२४ एप्रिल
आला कागद. मरणाची तारीख नाही. जखमी, डाव्या हाताची दोन बोटं गेली. सेहेचाळीसच्या मे महिन्यात डिस्चार्ज, दोंडाईचापर्यंत रेल्वेचा पास. तिथून आमचं गाव चार कोस. कामिनी ओरडली, आजी, आबा परत आले होते! म्हटलं, सरकारी कागद तो. एकाची बोटं दुसऱ्याच्या नावावर.

२७ एप्रिल
एवढ्या मोठ्या लढाईत शंभरेक जणांची तरी बोटं गेली असतील.
दोनशे.

३० एप्रिल. आखाजी
कामिनीने विचारलं, घागरी किती? म्हटलं, दोन. आईची, मालकांची. आबाची नाही. मेल्याचा कागद कुठे आहे?
कडी काढली. उकडतं. उंबऱ्याबाहेर तांब्या भरून ठेवला, कुत्र्यासाठी. कामिनी म्हणे, आजी, कुत्रा तांब्यातून कसा पिईल? पसरट काहीतरी ठेवा.
म्हटलं, राहू दे. ओंजळीत ओतायला मी बसलेय ना.