हातातलं टमरेल

उटी, सोमवार

तीर्थरूप अण्णांना, रागावलेल्या सृष्टीचा तरीबी नमस्कार.

मी बरी हाय. शिबिरात जेवण भरपूर, फक्त ज्वारीची भाकरी न्हाय. थंडी लई हाय, पण आईची शाल पुरतीय. फोनवर तुम्ही मधीच बोलणं तोडता, म्हणून पत्र.

इथले कोच म्हणतात, लांब पळणारे डोंगरातच जन्मतात, सपाटीवरच्यांची छाती पुरत नाही. काल मी दोन डोंगरी पोरींना मागं टाकलं, तर म्हणाले, "पण तुझा उजवा हात का हलत नाही? काय धरलंयस त्यात?"

काय सांगू? आपल्या बेंबळी गावात पोरगी पळताना दिसली तर लोक नावं ठेवतील, म्हणून तुम्हीच पहाटे हातात पाण्याचं टमरेल देत होता. बघणाऱ्याला वाटावं, परसाकडं चाललीय. पाणी सांडू नये म्हणून हात अंगाशी दाबून पळत मोठी झाले मी!

आता आई सांगतीय, घरात संडास बांधला, म्हणून धाकट्या निकिताचं पळणं बंद. बाहेर पडायला निमित्त उरलं न्हाय म्हणं! आपला थोरला बजरंगदादा गावभर पळतो, त्याला कुणी निमित्त विचारलं का?

उद्यापासून निकिताला मोकळ्या हातानं पळू द्या. कुणी विचारलं तर रस्त्यात उभं राहून सांगा, माझी पोरगी पळतीय.

गुडघ्याला तेल लावता का?

डोंगराचं मी बघून घेईन, अण्णा. ही मूठ तेवढी अजून सुटत न्हाय.

तुमचीच,
सृष्टी