‘रणहाक’च्या फलकावर डोमाजी वानखडे यांचे नाव घेण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मुक्तिवृत्त दालन, अकोला.

विषय: ‘रणहाक’ साप्ताहिकाच्या फलकात दुरुस्ती.
संदर्भ: अर्जदाराचा दि. ४ जूनचा तक्रार अर्ज.

महोदय,

अर्जदार माया तायडे, निवृत्त शिक्षिका, हिने वरील अर्जान्वये स्वातंत्र्यलढ्यातील ‘रणहाक’च्या संपादकांची तसबीर दालनातून काढण्याची मागणी केली होती. ती मागणी मागे घेण्यात येत आहे.

१. संपादकांची नात प्रियदर्शनी ही अर्जदाराची अमरावतीच्या वसतिगृहातली मैत्रीण. तिच्या आजोबांच्या नावाचा रस्ता झाला. दर ऑगस्टला हार तिच्या गळ्यात पडतो. अर्जदाराचे आजोबा डोमाजी त्याच साप्ताहिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत. पन्नास वर्षे अर्जदाराने टाळ्या वाजवल्या आणि पोटात जळत राहिली. हे मान्य आहे.

२. १९३० साली जंगल सत्याग्रहाच्या लेखावरून छापखान्यावर धाड पडली. “मजकूर माझाच,” असे सांगून डोमाजींनी नऊ महिने कैद भोगली, असे घरी सांगत. फलकावर ती कैद संपादकांच्या नावे लागली आहे. दालनाच्या उद्घाटनाच्या दिवशी अर्जदार सर्वांदेखत बोलली, “प्रियदर्शनी, तुह्या आजोबानं माह्या आजोबाची कैदही घेतली काय?” “मले घरी जाऊन पाहू दे,” एवढेच म्हणून ती निघून गेली.

३. आठ दिवसांनी ती बसने बाळापूरला आली. आजोबांची रोजनिशी तिने अर्जदाराच्या हाती ठेवली. त्यात आहे: “धाडीच्या वेळी मी अमरावतीस होतो. माझ्या लेखापायी डोमाजी आत गेला. परतून मी कबुली दिली नाही.” ती म्हणाली, “माये, हे म्या बी आत्ताच वाचलं. फलक बदलाले लाव.”

अर्जदारास आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कबुलीसुद्धा तिच्याच आजोबांच्या हस्ताक्षरात निघाली. डोमाजींनी हजारो ओळी जुळवल्या. त्यांत स्वतःची एकही नव्हती. वर खरेपणातही प्रियदर्शनीच पुढे गेली.

सबब, डोमाजींचे नाव व त्यांचे नऊ महिने फलकावर घ्यावेत. तसबीर राहू द्यावी. मात्र डोमाजींच्या नावाची अक्षरे संपादकांच्या नावापेक्षा लहान नसावीत. मोठी झाल्यास अर्जदाराची हरकत नाही.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून असलेली,
माया तायडे
बाळापूर, दि. २१ जून

सोबत:
१) रोजनिशीच्या पानाची छायाप्रत.
२) प्रियदर्शनी यांचे संमतिपत्र.
३) डोमाजींचे छायाचित्र: उपलब्ध नाही.